पितळेच्या दुकानात पाण्याची चौकशी

अकरा वर्षं मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. म्हणजे तास झाला तर पगार, आणि सुट्टी लागली की नुसतीच भाषेची सेवा. शेवटी कंटाळून मी तीन महिन्यांचा एक कोर्स केला आणि लोक इंटरनेटवर काय शोधतात ते शोधून देण्याच्या धंद्याला लागले. माझ्या कार्डावर ‘कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट’ असं छापलंय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. काम एवढंच, की एखाद्या दुकानाची वेबसाइट असते आणि ती सर्चमध्ये कुठंतरी सातव्या पानावर पडलेली असते, जिथं दुकानदार स्वतःसुद्धा कधी पोचत नाही. गिऱ्हाईक बोटांनी कोणते शब्द लिहितं ते मी हुडकायचं, ते साइटवर पेरायचे आणि साइट वर यायची वाट बघायची. या शब्दांना कीवर्ड म्हणतात. आयुष्यभर मी पोरांना शब्दांचं सौंदर्य शिकवलं. इथं सौंदर्याला कुणी विचारत नाही, शब्द महिन्यातून किती वेळा शोधला गेला तेवढं बोला.

गुलमंडीच्या एका बोळात काकूंचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. या काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. आईची मैत्रीण म्हणून काकू. काका गेल्यापासून दुकान त्या एकट्याच बघायच्या. एकुलता एक मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याचं म्हणणं, आईनं आता दुकान आवरावं आणि पुण्याला यावं. आईचं म्हणणं, नाय जमणार. दोघांचाही एकमेकांवर जीव, त्यामुळे भांडण काही मिटेना. शेवटी मुलानंच तोड काढली. दुकानाची झकास वेबसाइट करून दिली आणि म्हणाला, दिवाळीपर्यंत हिच्यावरून गिऱ्हाईक आलं तर दुकान ठेव. नाहीतर संक्रांतीच्या आत पुण्याला यायचं. काकू कबूल झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मला दुकानात बोलावून घेतलं.

“तुला शब्द कळतात म्हणं,” त्या म्हणाल्या. “मग आण गिऱ्हाईक. मला पुण्याला जायचं नाय.”

मी अगदी जोरात कामाला लागले. दुकानातल्या एकेका वस्तूचं नाव काकूंना विचारलं आणि यादी केली. घंगाळ, बंब, कळशी, ताम्हण, परात, पळी-पंचपात्र. घरी येऊन एकेक शब्द कीवर्डच्या टूलमध्ये टाकत गेले. घंगाळ: कुणी शोधत नाही. बंब: शोधतात, पण आग विझवायचा. ताम्हण: फुलाच्या झाडाची चौकशी. पितळेची म्हणून जी काही उलाढाल होती ती एकाच प्रश्नाभोवती होती, आज भंगारात पितळ काय भावानं जातं. म्हणजे अख्खं शहर पितळ शोधत होतं, फक्त घ्यायला नाही, काढायला. ही बातमी काकूंना द्यायची माझी काही हिंमत झाली नाही. मी म्हटलं, “काकू, थोडा वेळ लागेल.”

शहराचं नाव नुकतंच बदललेलं, त्याचाही घोळ होताच. पाट्या बदलल्या, बसच्या फळ्या बदलल्या, पण लोकांची बोटं ज्याची त्याची होती. कुणी जुनं नाव लिहायचं, कुणी नवं, कुणी घाईत नव्याचं अर्धंच. मी प्रत्येक पानावर दोन्ही नावं घातली. शोधणाऱ्याशी वाद घालायचा नसतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

मग एके दिवशी सकाळी, चहा निवत ठेवून, मी सहज ‘तांब्याचा हंडा पाणी’ असं लिहिलं. टूलनं खाली जवळपासच्या शोधांची रांग लावली आणि मी चहा विसरले. ‘आज पाणी कोणत्या भागात’. ‘गारखेडा पाणी कधी येणार’. ‘मुकुंदवाडी पाणी आलं का’. ‘नळाला पाणी का आलं नाही’. आमच्या गावात नळ रोज येत नाही हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या स्वतःच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत आणि मोरीत पाच बादल्या. पण मला वाटायचं हा माझा आणि शेजारणीचा प्रश्न आहे. इथं बघते तर सगळं शहर, हातात मोबाइल घेऊन, नळाकडे तोंड करून एकच प्रश्न विचारत होतं. आणि त्याचं धड उत्तर देणारं एकही पान नव्हतं. कीवर्ड शोधणाऱ्याच्या आयुष्यात असा दिवस एखादाच. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

नीतिमत्तेचा प्रश्न मी पाच मिनिटांत सोडवला. पाणी कशात भरतात? भांड्यात. भांडी कोण विकतं? काकू. झालं! दुकानाच्या साइटवर मी नवं पान काढलं, ‘आज पाणी कुठं येणार’, आणि खाली तळाला हंडे-कळशांचे फोटो लावले. प्रश्न राहिला उत्तराचा. तो काकूंनी सोडवला. त्यांच्या भागात व्हॉल्व उघडायला येणारा लाइनमन वीस वर्षांचा ओळखीचा होता, दुकानात बसून पाणी प्यायचा. पाणीवाल्याला पाणी पाजणारी ही गावातली एकमेव बाई असावी. त्यानं इतर भागांतल्या आपल्या दोस्तांचे नंबर दिले. “काकू, टेन्शन नक्को लेव. सुबू सबकू फोन लगाव, कोन कब छोडता सब बोल देते,” असं म्हणाला आणि खरंच सगळे बोलायला लागले. काकू रोज सकाळी फोन करून वहीत भाग आणि वेळ लिहायच्या, मला वाचून दाखवायच्या, मी पानावर चढवायचे.

तीन आठवड्यांत आमचं पान पहिलं आलं. मी काकूंना पेढे दिले.

आता भेट देणाऱ्यांचा आलेख असा वर चाललेला की बघत राहावं. पानावर दुकानाचा म्हणजे काकूंचा नंबर होता, तोही वाजायला लागला. सकाळी सातपासून. “हर्सूलला येणार का हो आज?” “मावशी, पडेगावचं काय?” “खालाजान, हमारे यहाँ कब आरा?” हंड्याचं नाव कुणी काढेना. मी फोटो मोठे केले, वर आणले, मधे घातले. बायका फोटो ओलांडून वेळ बघायच्या आणि तरीही खात्री करायला फोन करायच्या, कारण छापलेल्यावर आमच्याकडे कुणाचा भरवसा नाही, बोललेल्यावर आहे.

मला वाटलं होतं काकू वैतागतील. त्या उलट टवटवीत दिसायला लागल्या. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाच्या गच्चीवरची टाकी गळते, कुणाची सून कामावर जाते म्हणून सासूला एकटीला पाणी भरावं लागतं, सगळं त्यांना पाठ. मी दुकानात गेले की मला म्हणायच्या, “थांब जरा, साताऱ्याची बाई फोन करणार हाय,” आणि साताऱ्याच्या, म्हणजे आमच्याच गावाला लागून असलेल्या सातारा भागातल्या, बाईचा फोन यायचा. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावायचे. दिवाळी जवळ येत होती आणि माझा सगळा जीव हंड्यांमध्ये अडकला होता.

एकदा कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली आणि आमच्या पानावर लिहिलेल्या दिवशी अर्ध्या गावाला पाणी आलं नाही. त्या दिवशी मी समोरच बसले होते. फोनवर एक बाई काकूंना असं बोलत होती की मला पलीकडून शब्द न् शब्द ऐकू यावा. घरी पाहुणे, हळदीचा कार्यक्रम, आणि नळ कोरडा. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “चुकलं बाई माझं.” मला असा संताप आला!

“माफी कशाला मागता? पाणी काय तुम्ही सोडता?”

“सोडत नाय. पण तिनं मलाच विचारलं व्हतं ना?”

“अहो, पण तुमचा काय संबंध?”

“पाहुणे आल्यात तिच्या घरी,” काकू म्हणाल्या, आणि लाइनमनला फोन लावून टँकर कुठं मिळेल ते विचारायला लागल्या. मी घरी गेले.

दिवाळीत मुलगा आला. तसा अतिशय सरळ मुलगा, आईच्या गुडघ्यासाठी पट्टे घेऊन आलेला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात आम्ही तिघं बसलो आणि मी लॅपटॉप उघडून त्याला आलेख दाखवला. तो बघतच राहिला. कॉम्प्युटरवाल्या माणसाला चढती रेघ दाखवली की त्याचं निम्मं भांडण संपतं.

“ताई, एवढी माणसं येतात साइटवर?”

“येतात,” मी म्हटलं. हे खरं होतं. मी एवढंच म्हटलं आणि गप्प बसले, कारण पुढचं वाक्य खरं बोलायचं तर वाईट होतं.

तो आईकडे वळून हसला. “मग ठेव बाई दुकान. हरलो मी.”

माझा जीव भांड्यात पडला. त्या दुकानात भांड्यांची काही कमी नव्हती. पण काकूंनी मान हलवली.

“माणसं येतात, पण घेत काय नाय,” त्या म्हणाल्या. “पाणी विचारतात. साइटवरून आजवर एक समई गेली, ती पण हिनंच घेतली.”

ती समई मी घेतली होती हे त्यांना माहीत आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी दुसऱ्या नावानं मागवली होती, बहिणीच्या पत्त्यावर. मी काकूंकडे असं बघितलं की डोळ्यांनी त्यांचं तोंड बंद करावं. पण त्या मुलाकडे बघत होत्या.

“आई, मग कशाला बसतेस इथं?” त्यानं फार हळू विचारलं.

“बसते आपली,” काकू म्हणाल्या. का बसतात ते त्यांना सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, पण मुलाशी ठरलं ते ठरलं. खोटं बोलून राहायचं त्यांना जमलं नाही, आणि मला खोटं बोलून त्यांना ठेवून घेता आलं नाही. मी खूप चिडले होते, आणि सगळ्यात जास्त त्यांच्यावर.

संक्रांतीच्या आत दुकान आवरलं. माल पैठणच्या एका व्यापाऱ्यानं उचलला. त्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात, भरपूर चालतं म्हणे. काकू गेल्या त्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले होते. त्या बसच्या खिडकीत बसून फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की उद्या सकाळी, नऊच्या आत भरून घ्या.

साइट तशीच राहिली. बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, निदान मी आणून दिलं नाही. काकू पुण्याहून रोज मला वेळा सांगायच्या आणि मी चढवत राहायचे. महिन्याभरानं मुलाचा फोन आला.

“ताई, ते पाण्याचं पान काढून टाका. आईचा फोन दिवसभर वाजतो. जेवताना, देवपूजा करताना. इथून लाइनमनला फोन करत बसते. तिनं जरा आराम करावा म्हणून आणलंय हो तिला.”

त्याचं काही चुकत नव्हतं. मी हो म्हटलं. पान काढणं म्हणजे एक बटन दाबणं. पण परस्पर कसं काढायचं, म्हणून आधी काकूंना फोन लावला. तीनदा एंगेज. चौथ्यांदा उचलला.

“बोला, कोणता भाग?”

“काकू, मी.”

“अगं तू व्हय. गारखेड्याला परवा हाय, जरा उशिरानं.”

मी मुलाचं म्हणणं सांगितलं.

“इथं नळाला चोवीस तास पाणी हाय,” काकू म्हणाल्या. “सून चांगली हाय. नातू लई गोड हाय. पण सकाळपासनं रात्रीपर्यंत मला कुणीच काय विचारत नाय गं.” मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “काढायचं तर काढ. तुझं काम हाय ते.”

फोन ठेवून मी बराच वेळ त्या बटनाकडे बघत बसले. इतके महिने मी या शहराचे प्रश्न गोळा केले, मोजले, उतरत्या क्रमानं लावले. ज्याला प्रश्न विचारला जातो त्याचा रकाना माझ्या तक्त्यात कधी नव्हताच. मला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं.

पान मी काढलं नाही. आठवड्यानं मुलाचा पुन्हा फोन आला तेव्हा सांगितलं, “काढलंय हो, पण सर्चमधून पूर्ण जायला फार वेळ लागतो. कधी कधी वर्ष-दोन वर्षं.” हे साफ खोटं आहे. दोन-चार दिवसांत जातं. आणि तो स्वतः कॉम्प्युटरवाला, हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. फोनमध्ये मागून काकूंचा आवाज येत होता, कुणाला तरी टाकीचं झाकण लावायला सांगत होत्या.

“असं का,” तो म्हणाला. “बरं, लागू दे वेळ.” त्यानंतर त्यानं मला कधी विचारलं नाही.