लाइट गेली तेव्हा भरलेलं गाणं

कॉलेजच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये मला घेतलं नाही, त्याचं कारण माझा आवाज नव्हता. माझं गाणं मराठी होतं, हे कारण. ग्रुपचा म्होरक्या, शेवटच्या वर्षाचा एक गिटारवाला, सगळ्यांसमोर म्हणाला, "मराठी में कौन समझेगा यहाँ?" बुऱ्हाणपुरात! गाव मध्य प्रदेशातलं खरं, पण निम्मं गाव घरात मराठी बोलतं आणि उरलेलं निम्मं भांडताना वापरतं. मी तसं तोंडावर सांगितलं, तर तो हसला. "ठीक है, पर गाना अकेले नहीं बनता. टीम लगती है."

मला राग फार लवकर येतो. तिथल्या तिथं बोलून बसले, "अकेली बनाऊँगी. लिखना, धुन, बजाना, रिकॉर्डिंग, सब. और वार्षिकोत्सव उसी से शुरू होगा."

वार्षिकोत्सव ज्या सरांच्या हातात होता ते तिथंच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "बना के लाओ. अच्छा हुआ तो सबसे पहले बजेगा. नहीं तो ग्रुप शुरू करेगा." झालं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू होतं आणि साऱ्या वर्गानं माझी फुशारकी ऐकली होती. आता माघार घेतली असती, तर उरलेलं दीड वर्ष मान खाली घालून काढावं लागलं असतं.

गाणं लिहून झालेलंच होतं. तुकईथडला माझ्या मामाची केळीची बाग आहे. ठिबकचं पाणी सुरू झालं की पानांखाली एक बारीक आवाज येत राहतो आणि भर दुपारी एकटं असताना कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटतं. त्यावरूनच ओळ सुचली होती:

केळीच्या बागात पानी वाजतं रे,
मानूस नाही तरी कोनी गातं रे.

सिंधीपुऱ्यात आमचं भाड्याचं घर, वर एक लहान खोली. सामान म्हणजे एक जुना लॅपटॉप, कॉलरला अडकवायचा माइक, हेडफोन आणि इंटरनेटवरून फुकट उतरवलेलं सॉफ्टवेअर. ढोलकी नव्हती, म्हणून पातेलं उलटं घालून वाजवलं. सुपात तूरडाळ पाखडल्याचा आवाज घेतला आणि आईच्या बांगड्या दोऱ्यात ओवून हलवल्या. बाकीचे सूर लॅपटॉपच्या बटणांवर एकेक करून बसवले. एक सूर चुकला की सगळी ओळ पुन्हा. सहा दिवस कॉलेजातून आले की वर, जेवायला तेवढी खाली.

बाबा कागदाच्या कारखान्यात कामाला आहेत. तिथल्या मशीनवरचं लोकरीचं जाड फेल्ट जुनं झालं की टाकून देतात, आणि कामगारांच्या घरोघरी ते अंथरायला असतं. आमच्याकडे दोन होती. मी खाट उभी केली, तिच्यावर दोन्ही फेल्ट टाकली आणि आत माइक घेऊन बसले. आई चहा घेऊन वर आली, तो सारा थाट बघितला आणि म्हणाली, "काय व, बाळंतिनीची खोली करून राहिली का?"

आत घामाच्या धारा लागायच्या. पण गाणं झालं, आणि मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू, मी ते एका दिवसात पन्नासदा तरी ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत सगळ्यांसमोर ते लावलं. अर्ध्या मिनिटानं सरांनी थांबवलं. "ये पीछे खट-खट क्या है?"

"कौन-सी खट-खट, सर?"

मला खरंच काही ऐकू येत नव्हतं. सरांनी पुन्हा लावलं. सगळे माना डोलावत होते, म्हणजे सगळ्यांना येत होतं. गिटारवाला म्हणाला, "रिदम अच्छी है. बस किसी दूसरे गाने की है." खोली हसली. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी शनिवारी तीन वाजेपर्यंतची मुदत दिली आणि ती शेवटची असल्याचंही सांगितलं.

घरी येऊन हेडफोन घातले. पुन्हा ऐकलं. काही नाही! सगळ्यांनी मिळून माझी टर उडवली, असंच मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, गल्लीतले यंत्रमाग थांबले. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, गाणं चालूच होतं आणि माझ्या कानात एक माग धडधडीत चालत होता. खटाक-खट, खटाक-खट.

मी हेडफोन काढले. गल्ली चूप. पुन्हा घातले. माग चालू.

आमच्या भिंतीला लागूनच मागांचा कारखाना. जन्मल्यापासून दिवसरात्र तोच आवाज. कानांनी तो ऐकायचं कधीच सोडून दिलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. फेल्टनं पंखा अडला, मोटारसायकली अडल्या, पण मागांची धडक जमिनीतून, भिंतीतून थेट माइकमध्ये उतरली होती. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं. आणि मग लख्ख कळलं की माझं गाणं लाइट नसतानाच भरता येणार.

दहा मिनिटांत लाइट आली. सारी गल्ली खूश, मी एकटी कपाळाला हात लावून.

पुढचे चार दिवस लाइट गेलीच नाही. एरवी दिवसातून दोनदा जाणारी! आई म्हणाली, "लोकं लाइट यावी म्हनून देव पान्यात घालतात, माही पोरगी जावी म्हनून." शुक्रवारी बाबांच्या मोबाइलवर वीज कंपनीचा मेसेज आला: शनिवारी लाइनचं काम, अकरा ते बारा वीज बंद. मी घरभर नाचले.

लॅपटॉपची बॅटरी फार तर पाऊण तास टिकायची. वाद्यं मी बुधवारी मामाकडे जाऊन पुन्हा भरून आणली होती, पण तिथं माझा आवाज बसला होता, गाणं जमलंच नव्हतं. आता फक्त गायचं होतं. शनिवारी अकराला लाइट गेली. माग एकेक करून थांबले. मी फेल्टमध्ये शिरले, माइक चालू केला, श्वास घेतला, आणि खाली गल्लीत एकच कल्ला झाला.

हे मी धरलंच नव्हतं. माग थांबले की मागावरची सगळी माणसं बाहेर ओट्यावर येतात, चहा मागवतात आणि गप्पा हाणतात. मागांच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे यांची कुजबुजसुद्धा दोन गल्ल्यांपलीकडे जाते. दहा मिनिटं मी वाट पाहिली. पंधरा. बॅटरी उतरत होती. शेवटी डोकं फिरलं. खिडकीत जाऊन ओरडले, "अरे, चुप बैठो ना कोई! मेरा गाना भरना है! तीन बजे देना है!"

सगळे वर बघायला लागले. मला वाटलं, आता आई मला फाडून खाणार. शेजारच्या कारखान्याचे म्हातारे चाचा ओट्यावरून उठले. लहानपणापासून त्यांच्यासमोर मी असा आवाज कधी काढला नव्हता.

"कितना टाइम, बिटिया?"

"आधा घंटा, चाचा."

ते गल्लीकडे वळले. तोंडानं काही बोलले नाहीत, फक्त पंजा उघडून हवेत खाली दाबला. आणि गल्ली गप्प झाली. मागांच्या गोंगाटात ही माणसं रोज हातांच्या खुणांनीच तर बोलतात! गप्पा थांबल्या नव्हत्याच. बोटं चालू होती, भुवया चालू होत्या, चहावाल्याला तीन कटिंग खुणेनंच सांगितले गेले. आवाज मात्र कसलाच नाही. सिंधीपुऱ्यातली इतकी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

पहिल्यांदा गायले, खोकला आला. दुसऱ्यांदा दुसऱ्या कडव्यात सूर पडला. तिसऱ्यांदा शब्द विसरले, स्वतःचेच! चौथ्यांदा गळा मोकळा झाला. शेवटचं कडवं सुरू केलं आणि फेल्टच्या फटीतून दिसलं, डोक्यावरचा पंखा हळूहळू फिरायला लागला होता. लाइट आली होती, वेळेच्या आधीच. आता कोणत्याही क्षणी माग सुरू होणार. पण मी थांबले नाही. डोळे मिटून गात राहिले. एक ओळ, दुसरी ओळ, शेवटचा लांब सूर, आणि तो संपेपर्यंत एकही माग सुरू झाला नाही.

पंखा बंद करून मी खिडकीत गेले. चाचा कारखान्याच्या दारात हात आडवा धरून उभे होते आणि मागावरची माणसं त्यांच्यामागे थांबली होती. त्यांनी मान वर करून विचारलं. झालं म्हणून मी मान डोलावली. हात खाली आला आणि माग सुरू झाले. यावेळी मात्र मला प्रत्येक खट ऐकू येत होता, आणि त्या आवाजावर मला विलक्षण माया आली.

अडीचला मी सरांच्या टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मधे थांबवलं नाही. "पहला नंबर," एवढंच बोलले.

वार्षिकोत्सवाला आईबाबा मागच्या रांगेत बसले होते. दिवे मंदावले आणि माझं गाणं त्या मोठ्या स्पीकरांतून सभागृहात शिरलं. पहिल्या कडव्याला लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले. मराठी कळणारे, न कळणारे, सगळे. गाणं संपल्यावर निवेदिकेनं कागद वाचला. "गीत," आणि माझं नाव. "संगीत," पुन्हा माझं नाव. "वादन," तेच. "स्वर," तेच. "रिकॉर्डिंग..." इथं ती अडखळली, कागद उलटा करून पाहिला आणि माइकवरच म्हणाली, "सर, ये टाइपिंग मिस्टेक है क्या?"

"नहीं," सर विंगेतून म्हणाले, "ये लड़की है."

सभागृह हसलं आणि मग टाळ्या पडल्या त्या थांबेचनात. मागून आईचा खणखणीत आवाज आला, "माही पोरगी हाय ती!" शेदोनशे माना वळल्या. एरवी मी लाजून खुर्चीखाली गेले असते. मी उठले, आईकडे वळले आणि दोन्ही हात वर केले.

"एक बार और!" कुणीतरी ओरडलं आणि मग सगळेच ओरडायला लागले. सरांनी बोटानं खूण केली. गाणं पुन्हा सुरू झालं, आणि गळ्यात गिटार अडकवून विंगेत आपल्या पाळीची वाट बघणारा तो गिटारवाला, माझं मराठी गाणं संपेपर्यंत तिथंच उभा राहिला.