गवत्या मासे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून जमेल असं वाटतंय.

आमचं तळं देवस्थानचं. त्याच्या पाण्यावर माझी सुपारीची बाग. पाण्यात शेवाळ-गवत इतकं माजलं की पंप सारखा तुंबायचा, साफ करून करून मी पार कावलो होतो. गवत खाणारा मासा मिळतो, गवत्या, एवढं ठाऊक होतं. पण देवाच्या तळ्यात काही करायचं तर आधी कौल लावायचा — मूर्तीला फुलं चिकटवायची, कुठलं पडतं ते बघायचं. देव नाही म्हणाला तर? मी विचारलंच नाही. मासेवाल्याने बजावलं होतं, थोडेच सोडा, गवत संपलं की हे दुसरं काहीही खातात. मी दोन पिशव्या भरून सोडले — भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना.

गवत गेलं. गाव म्हणालं, देवाची कृपा. मीही हात जोडले, काय करणार होतो? मग कमळांचे कोवळे कोंब गेले. मग कमळंच गेली.

ती कमळं शेवंतीकाकी काढायची. शेजारची, विधवा, एकटी. कमरेएवढ्या पाण्यात उतरून आधी देवाची फुलं काढायची, उरलेली बाजारात विकायची. दुसरं काही नव्हतं तिला.

गावाने कौल लावला — पाण्याक विटाळ झालो काय? उजवं फूल पडलं. म्हणजे होय. आणि पाण्यात रोज उतरणारी कोण? तिला तळं बंद झालं.

मी त्या गर्दीतच उभा होतो. बोललो असतो तर बागेचं पाणी तोडलं असतं — एवढंच, मेलं, त्याहून मोठं काही नाही.

नंतर ती आमच्या दारापुढच्या खळ्यात येऊन बसली. "रे, माझ्यामुळेच झाला काय रे ह्या?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हणालो, "असात, काकी. देव उगाच सांगाचो नाय."

ती पुन्हा देवळात गेली नाही. गेल्या वर्षी वारली. माझ्या बायकोला सांगून ठेवलं होतं तिने — "माझ्यार फुलां घालू नको गो."

घातली नाहीत. मी खांदा दिला. रडू आलं नाही, अजूनही येत नाही.