उकळलेली बाटली

लेक तीन महिन्यांची झाली आणि मी हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत परत रुजू झाले. सासूबाईंनी तिला दूध पाजायला चांदीचं बोंडलं काढून दिलं. मी ते जुनाट म्हणून कपाटात टाकलं आणि प्लॅस्टिकची बाटली आणली. जंतू मरावेत म्हणून ती रोज वीस मिनिटं उकळायचे, वर कढत दूध ओतायचे. केवढा तोरा होता मला त्या स्वच्छतेचा!

आठव्या वर्षी लेकीला पाळी आली. लहानपणीच्या बाटलीचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "तापलेल्या प्लॅस्टिकमधून हॉर्मोन्स बिघडवणारी रसायनं सुटतात. पण त्यानेच झालं, असं सांगता येत नाही." म्हणजे ना फाशी, ना सुटका.

सासूबाईंनी कपाटातलं बोंडलं घासून लख्ख केलं आणि ओट्यावर ठेवलं, मी चहा करते तिथेच. ते हलवायची माझी अजून हिंमत होत नाही.