खाकीला ‘न्हाई’ म्हणणारी वाडी

आमची वाडी आहे, हे सरकारला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

म्हणजे डोंगर माहीत होता, ओढा माहीत होता, कान्ह्याच्या स्टेशनावरून आमच्याकडं येणारी पायवाटसुद्धा कुठल्याशा नकाशात होती म्हणे. पण पायवाट संपते तिथं माणसं राहतात, याला पुरावा नव्हता. पहिली निवडणूक झाली तेव्हा आमच्या वाडीत एकही मतदार निघाला नाही. चुली पेटत होत्या, कोंबड्या ओरडत होत्या, पोरं ओढ्यात डुंबत होती, आणि मतदार शून्य!

याचं मूळ बेचाळीसच्या चळवळीत होतं. रेल्वेच्या तारा तोडून पुण्याच्या कॉलेजातली दोन पोरं पळाली, ती थेट आमच्या वाडीत येऊन लपली. वाडीचे जाणते म्हणजे आबा. आबांनी पोरांना पेंढ्याच्या गंजीत दडवलं आणि सगळी वाडी भैरोबापुढं गोळा केली. पोरांची खरी नावं कुणालाच ठाऊक नव्हती. (ती रोज नवं नाव सांगायची!) मग पोलिसानं कुठलं नाव घेतल्यावर नाही म्हणायचं? आबांनी तोड काढली. बेलभंडारा उचलायला लावून सगळ्यांकडून शपथ घेतली, “खाकीवाला कुणाचंबी नाव घिऊन इचारू द्या, वाडीनं येकच म्हणायचं. न्हाई बा, असा कुणी न्हाई हितं!”

पोरं वाचली. जाताना आबांच्या पाया पडून म्हणाली, “धोका टळला की आम्ही स्वतः येऊन शपथ सोडवू. तोवर कुणाला काही सांगू नका.”

पुढं स्वराज्य आलं. भैरोबापुढं झेंडा लागला, गूळ वाटला. पोरं काही आली नाहीत.

“आबा, आता इंग्रज गेलं. सोडा की ती शपत,” असं कुणी म्हटलं की आबा डोळे वटारायचे. “शबुद पोरांला दिलाय, इंग्रजाला न्हाई. ती येतील तवा सुटंल.”

आता खाकी कपडे काय एकटा पोलीसच घालतो? पोस्टमनही खाकीच घालतो. तो बिचारा पत्र घेऊन यायचा, नाव वाचायचा, आणि ज्याचं पत्र तोच माणूस त्याला सांगायचा, “न्हाई बा, असा कुणी न्हाई हितं!” पोस्टमन शहाणा निघाला. पुढं पुढं तो पत्रं भैरोबाच्या पायरीवर दगडाखाली ठेवून, कुणाला काही न विचारता निघून जायला लागला. पण मतदारांची यादी करायला जे मास्तर आले त्यांना हे ठाऊक नव्हतं. ते आले खाकी हाफपँट घालून! घरोघर हिंडले, घाम पुसला, आणि कोरी यादी घेऊन गेले.

मी या वाडीत सून म्हणून आले ती स्वराज्यानंतर. त्यामुळं शपथेच्या बाहेर. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “तुला शपत न्हाई. पर त्वांड बंद ठिव.” हे मला शिकवायला नकोच होतं. परक्या माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. गूळ आणायला वाण्याकडं गेले आणि त्यानं काही न विचारता मीठ पुढं केलं, तर मीठ घेऊन यायची. चौथीपर्यंत शिकलेली वाडीतली एकटी सून मी! पण शाळेतही मास्तरांनी प्रश्न विचारला की मी उत्तर पाटीवर लिहून दाखवायची.

आमचे हे लोणावळ्याला एका मुंबईच्या शेटच्या बंगल्यावर माळी होते. (नाव मी लिहीत नाही. लिहिण्याची सवय नाही.) फुलझाडांना पाणी घालायचे आणि शेटची मोटार पुसायचे. पुसता पुसता मोटारीवर त्यांचा जीव जडला. म्हाताऱ्या ड्रायव्हरनं त्यांना बंगल्यामागच्या माळावर चालवायला शिकवलं. तो म्हातारा नोकरी सोडायला निघाला तेव्हा शेट म्हणाले, “लायसन आणि बिल्ला काढून ठेव. मी मे महिन्यात येतो. तोवर मिळालं तर गाडी तुझ्या हातात.”

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात मोटार सुरू झाली. जेवण झालं की हे रिकामं ताट दोन्ही हातांत धरून वळवायचे. मी उष्टं काढायला गेले की “पोंऽ पोंऽ! बाजूला व्हा!” सासूबाई कपाळाला हात लावायच्या. “माळी हुता ते बरं हुतं गं, निदान गप तरी बसायचा.”

आणि सासूबाई बाहेर गेल्या की हे हळूच म्हणायचे, “शेट मुंबईला गेला ना, की तुला पुढच्या शिटावर बसवून खंडाळ्याचा घाट दाखवीन. मागं न्हाई हां, पुढं!”

मी खाली बघून उष्टं काढायची. पण माझ्या मनात त्या घाटाची सगळी वळणं कधीच पार पडली होती.

ड्रायव्हरच्या बिल्ल्यासाठी पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला लागतो. त्याच्या चौकशीला एक दिवस हवालदार वाडीत आला. पायांत बूट, डोक्याला टोपी, आणि मधलं सगळं खाकी! पाराजवळ त्यानं आबांना ह्यांचं नाव सांगून विचारलं, “हा इसम इथं राहतो का?”

“न्हाई बा,” आबा म्हणाले, “असा कुणी न्हाई हितं.”

“माणूस कसा आहे? काही भांडणतंटा?”

“नसल्याला मानूस भांडंल कसा?”

हवालदार पुढच्या घरी गेला. तिथं हेच उत्तर. त्याच्या पुढच्या घरी हेच. शेवटी तो आमच्या दारात आला. घरात मी एकटी. मी दाराआड उभी राहिले.

“बाई, हे घर त्याचंच ना? तो तुमचा मालक ना?”

मला ‘हो’ म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं! पण तोंड उघडेना, म्हणून मी मान हलवली. ती लाजेनं अशी काही हलली, की वर-खाली म्हणावी तर नाही आणि आडवी म्हणावी तर नाही. हवालदारानं थोडा वेळ ती मान पाहिली, आणि तो निघून गेला.

संध्याकाळी हे कामावरून आले ते खुशीत. भाकरी मोडता मोडता म्हणाले, “आज गंमत झाली. वाटंत एक खाकीवाला भेटला. मलाच माझं नाव घिऊन इचारत हुता, हा हितं ऱ्हातो का म्हनून!”

“मग?” सासूबाई म्हणाल्या.

“मग काय! म्हनलं, न्हाई बा, असा कुणी न्हाई हितं.”

सासूबाई हसल्या. हेही हसले. मग ह्यांचा हात ताटातच थांबला.

“आई,” हे हळू आवाजात म्हणाले, “त्यो लायसनचा तर नसंल?”

त्या दिवशी आमच्या घरात ताट वळलं नाही.

चौकशीचा कागद वडगावच्या कचेरीत पोहोचला. सदर इसम गावात राहत नाही, त्यास कुणी ओळखत नाही, अर्जावरच्या फोटोवरून ओळखून खुद्द त्यासही विचारले असता त्याने नकार दिला! ह्यांना बोलावणं आलं. आबांना फार लागलं. “माझ्या शपतंपायी पोराची भाकरी जाती,” म्हणाले, आणि त्यांनी बैलगाडी जुंपून सगळी वाडी साक्षीला वडगावला नेली. सासूबाईंनी मलाही गाडीत घातलं.

साहेब पांढऱ्या शर्टातले होते. त्यांनी ह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मतदारांच्या यादीत तुझं नाव नाही. पोस्टाला तुझा पत्ता माहीत नाही. गाव तुला ओळखत नाही. आणि तू स्वतःलासुद्धा ओळखत नाहीस! या देशाच्या दृष्टीनं तू कुणीच नाहीस. गोव्यातून चोरून आलेला तर नाहीस? पोर्तुगीज आहेस का?”

“पोर्तुगीज?” हे घाबरून म्हणाले. “ते कुठल्या तालुक्यात आलं साहेब?”

आबा पुढं झाले. त्यांनी गंजीतल्या पोरांपासून सगळी हकिगत सांगितली. वाडीही एका सुरात म्हणाली, “व्हय साहेब, ह्यो आमचाच! ल्हानपनापास्नं आमचाच!”

“मग तेव्हा नाही का म्हणालात?”

“तवा इचारनारा खाकीत हुता. तुमी पांढऱ्या कापडात हाय.”

साहेब चांगले होते हो. त्यांना हसू आलं. म्हणाले, “बरं, तुमचा जबाब घेऊ. पण चौकशी ज्यानं केली त्याच्यासमोरच व्हायला हवा.” आणि त्यांनी हाक मारून हवालदाराला आत घेतलं.

खाकी दारातून आत आली मात्र, सगळी वाडी ताठ झाली.

“हं, सांगा आता. हा तुमच्या वाडीतला ना?”

“न्हाई बा!” वाडी म्हणाली. “असा कुणी न्हाई हितं!”

साहेबांनी हवालदाराला बाहेर पाठवलं. “व्हय, आमचाच!” आत घेतलं. “न्हाई बा!” बाहेर. “व्हय!” आत. “न्हाई!” हवालदार तरी किती वेळा उंबरा ओलांडणार? शेवटी तो दारातच, एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून उभा राहिला, आणि आबा गोंधळून साहेबांना म्हणाले, “आता काय म्हनू ते तुमीच सांगा.”

साहेबांनी कपाळ धरलं. “अरे, ही शपथ न घेतलेलं कुणी आहे का तुमच्यात?”

सगळी वाडी माझ्याकडं वळली.

“झालं तर मग!” साहेब म्हणाले. “बाई, घाबरू नका. हा माणूस तुमचा कोण, आणि त्याचं नाव काय, एवढं सांगा. लगेच सही करतो.”

नाव! नवऱ्याचं नाव! सासू बाजूला, आबा पुढं, एवढे पुरुष भोवती. सासूबाईंनी कोपरानं ढोसलं. “घे गं! देव माफ करंल!” मी पदर दातांत धरला. नाव अगदी जिभेच्या टोकाशी आलं, आणि तिथंच बसलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मोटार चालू होते का, हे पाहावं तसं.

“लिहिता येतं का?” साहेबांनी विचारलं.

“येतं की! चवथी शिकलीया!” सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

साहेबांनी कागद आणि टाक पुढं सरकवला. मी वर ‘श्री’ काढला. अक्षर आपलं वळणदार! एक ओळ लिहिली आणि कागद पुढं केला. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला.

“हे माझे हे आहेत.”

सगळी कचेरी हसली. दारातला हवालदार दोन्ही पायांनी आत येऊन हसला. सगळ्यांच्या आधी हसले ते आमचे हे. मला वाईट वाटू नये म्हणून पहिल्यांदा आपणच हसले, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

“साहेब, ऱ्हाऊ द्या,” हे म्हणाले. “ती न्हाई बोलायची. चला घरी.”

मे महिन्यात शेट आले ते मुंबईचा नवा ड्रायव्हर घेऊनच.

त्यानंतर आबांनी देवाला कौल लावला आणि पोरांची वाट न बघता शपथ उतरवली. वाडी यादीत आली, पोस्टमन घरापर्यंत यायला लागला. बिल्ल्याचा अर्ज पुन्हा करता आला असता. पाटलांनी सांगितलं, आबांनी सांगितलं. मला वाटायचं, ह्यांना मोटारीचा कंटाळा आला असेल. सासूबाई जाण्याआधी एकदा बोलून गेल्या, “तो म्हनायचा, तिला परत त्या कचेरीत उभी करायची न्हाई.”

हे शेवटपर्यंत माळीच राहिले. मोटार मात्र रोज पुसायचे. शेट नसले की गॅरेजमधून अंगणात आणि अंगणातून गॅरेजमध्ये, एवढा घाट पार करायचे.

गेल्या साली हे गेले. यंदा यादीवाला मास्तर आला. पोरसवदा, साध्या पँटीतला. दारात उभा राहून त्यानं यादीतलं ह्यांचं नाव वाचलं आणि विचारलं, “हायत का?”

“हायत,” मी म्हणाले.

माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

“पुरतं नाव सांगा मावशी, इथं पुसट झालंय.”

मी सांगितलं. ह्यांचं, ह्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. खणखणीत! त्यानं लिहून घेतलं तरी पुन्हा सांगितलं. तो पायऱ्या उतरला तेव्हा आणखी एकदा सांगितलं.

मतदानाच्या दिवशी उमेदवाराची जीप दारात आली. ड्रायव्हर खाकी कपड्यांतला. हातातल्या चिठ्ठ्या पाहून म्हणाला, “चला मावशी. आन् मालक कुटं? त्यांची जागा पुढं ठेवलीया.”

आबा आता नव्वदीला टेकलेत. पारावरून त्यांनी खाकी पाहिली, काठी टेकत जवळ आले, आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “न्हाई बा. असा कुणी न्हाई हितं.”

एवढ्या वर्षांत हे वाक्य वाडीत पहिल्यांदाच खरं ठरलं होतं.

ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला. “पर मास्तर म्हनला, मावशींनीच सांगितलं हायत म्हनून!”

मी पदर दातांत धरला आणि मान हलवली. उभ्या जन्मात परक्या पुरुषापुढं एकदाच तोंड उघडलं, तेही साफ खोटं बोलायला!