सोमवारची छाती

मी चाळ सोडली त्या दिवशी आभाळ निळंशार होतं आणि म्हणूनच सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते.

बाहेरच्या माणसाला हे उलटंच वाटेल. पण डिलाईल रोडच्या आपल्या चाळीत जे मागे राहिले आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्या दोघांनाही समजावून सांगायची गरज नाही. आपलं आभाळ कधी निळं नव्हतंच. गिरण्यांच्या चिमण्या चालू असायच्या. धुराच्या कणांवर उजेड आपटला की सगळे रंग सारखेच विखुरतात, मग वर नुसता पांढुरका, राखाडी पडदा दिसतो. कण गेले, की उरलेल्या स्वच्छ हवेला मुख्यतः निळाच रंग उधळता येतो. हे मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करताना शिकले. आई चौथी पास, पण तिला पुस्तकाची गरज पडली नाही. निळं आभाळ म्हणजे मिल बंद, एवढं तिला पुरे होतं. आणि संपाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

लग्न होऊन चार महिने झालेले, ह्यांची नोकरी मस्कतला, माझा विझा आलेला. धाकटा भाऊ विजू टॅक्सीच्या डिकीत बॅग कोंबत होता. आईने माझ्या हातावर दही घातलं, मग वर बघितलं आणि म्हणाली, "आभाळ बघ गो, कसा उघडा पडलाहा." परदेशी निघालेल्या लेकीला कोणी असं बोलतं का? पण आमच्या आईला वेळ-काळ बघून बोलणं कधी जमलं नाही.

बाबा खाली आले नाहीत. साडेनऊ वाजले होते आणि ती त्यांची बसायची वेळ होती. आतूनच त्यांनी हाक मारली, "सांबाळून जा गो." मी टॅक्सीत बसले, आणि विमानतळापर्यंत नव्या साडीवरचा कापूस नखांनी वेचत राहिले. तो कापूस साडीवर कुठून आला, तेच सांगायला बसले आहे.

बाबा कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचे पेळू होतात ते खातं. तिथल्या हवेत तंतू उडत असायचे. त्यांचा डबा घेऊन मी लहानपणी दोनदा आत गेले होते. उंच खिडक्यांतून उन्हाचे कवडसे खाली आलेले आणि ते इतके जाड, की त्यांच्यावर सदरा वाळत घालावा. बाबा त्यांच्याकडे बघून खात्याची हवा सांगायचे. कवडसा जाड झाला की मशीन जोरात आहे. पातळ झाला की कुठेतरी बिघाड आहे, मुकादम यायच्या आत शोधा. पगारवाढ, बोनस, पाळी बदलणं, बाबा सगळ्या गोष्टींवर कुरकुर करायचे, पण त्या कवडशाबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढायचा.

आणि सोमवारबद्दल बोलताना उतरायचा. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी खात्यात उभं राहिलं, की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. धाप, खोकला, अंगात कसकस. मंगळवारी जरा कमी. शनिवारपर्यंत माणूस पुन्हा ठणठणीत. सगळ्या खात्याला हे व्हायचं आणि त्याला नाव होतं, सोमवारची छाती. आता ह्यावरून शहाण्या माणसाने काय ठरवावं? कार्डिंगवाल्यांनी ठरवलं, की दोष रविवारचा. एक दिवस घरची हवा खाल्ली की मिल डूख धरते. काहीजण तर सुट्टीच्या दिवशीही गेटपाशी तासभर उभे राहून यायचे. बाबा त्यातले. आई चिडवायची, "देवळात जावा म्हटला तर पाय दुखतत, थय बरे चलतत."

संप झाला तेव्हा पहिले काही आठवडे बाबांची छाती उलट सुधारली. जिना एका दमात चढायला लागले. आम्हाला आनंद झाला. बाबा मात्र घाबरले. एवढी मोठी सुट्टी, एक नाही, दोन नाही, पन्नास-साठ रविवार एकामागोमाग. मग जो सोमवार येईल तो केवढा असेल? "माका पयल्याच दिवशी धाप लागली तर मुकादम भायर काढतलो," ते म्हणायचे. "सवय मोडली तर मिलात उभो रवूक जमाचा नाय." बाकीच्यांना संप मोडेल याची भीती होती. माझ्या बापाला संप मिटेल आणि आपलं शरीर नापास होईल याची भीती होती.

स्टोव्ह पुसायला म्हणून मिलमधून मूठ-मूठ आणलेलं कापसाचं वेस्ट, म्हणजे टाकाऊ कापूस, माळ्यावर एका पोत्यात साठलेलं होतं. एका सकाळी बाबांनी ते खाली काढलं. आमच्या खोलीत भिंतीला वर एक झरोका होता, त्यातून सव्वानऊच्या सुमारास ऊन यायचं आणि जेमतेम तासभर टिकायचं. त्या उन्हात बाबा मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, दार लोटून घे आणि पोतं झोड.

मी झोडलं. काठीच्या पहिल्या फटक्याला खोलीत काही नव्हतं, दुसऱ्याला कवडसा उभा राहिला. पांढरा, हलता, झरोक्यापासून थेट बाबांच्या छातीपर्यंत. ते डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लागले. मग एक डोळा उघडून म्हणाले, "पातळ आसा. आनी झोड."

तेव्हापासून हे रोजचं झालं. आई तोवर पाण्याच्या रांगेत, विजू शाळेत. तासाभराने बाबा खोकत उठायचे, पण चेहऱ्यावर समाधान, ड्यूटी करून आल्यासारखं. दिवसभरात तेवढा एक तास ते माणसात असायचे. उरलेला वेळ गॅलरीत बसून त्या निळ्या आभाळाकडे असे बघायचे, की समोरून जायला नको वाटावं.

कॉलेजात आमच्या सरांनी शिकवलं होतं, की उजेड वाटेत असताना दिसतच नाही. आपल्याला दिसते ती त्याच्या वाटेत आलेली धूळ. मला ते फार आवडलं होतं आणि शहाणपणा करत मी बाबांना सांगितलं, की तुम्ही ज्याला कवडसा म्हणता तो उजेड नाही, तो कापूस आहे. वाटलं, हा कापूस छातीत जातोय हे उघडपणे सांगायचं धाडस नाही, तर निदान असं तरी समजेल. ते खुश झाले. "मगे माका दिसता ता माझा कामच मा," म्हणाले. मी पुन्हा काठी उचलली.

एक दिवस आई पाणी घेऊन लवकर परत आली. दार उघडलं, आत हे सगळं. ती कळशी घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. मला बाहेर गॅलरीत बोलावून हळूच विचारलं, "तू शिकलंस. तू सांग. ह्या बरा आसा?"

मला पक्कं ठाऊक नव्हतं, हे खरं. पण शंका होती. रात्रीचा खोकला वाढला होता, थुंकीत तंतू दिसायचे. शंका असताना जे बोलू नये ते मी बोलले. मला वाटलं, हा तास काढून घेतला तर बाबांकडे काय उरेल? पोतं माळ्यावर गेलं की मिलही गेली, हे त्यांना त्याच दिवशी कळेल. ते मला बघायचं नव्हतं. शिवाय माझं लग्न ठरलेलं, मी दोन महिन्यांत दुसऱ्याच्या घरी जाणार होते. खोटं का बोलू, माझा एक पाय आधीच बाहेर होता.

"बरा आसा," मी म्हटलं.

आईने मान हलवली आणि कळशी आत नेली. लग्नानंतरही मी विझा येईपर्यंत माहेरीच होते. निघायच्या सकाळीसुद्धा, नव्या साडीचा पदर खोचून, पोतं मीच झोडलं.

मस्कतला पहिली दोन वर्षं मी एसीच्या खोलीत बसून पत्रं लिहिली. मग एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. माझी मुलं शाळेत जायला लागली तोवर सुपरवायझर झाले. इथे वाळूचं वादळ उठलं की भरदुपारी सूर्य धुतलेल्या ताटलीसारखा फिका होतो, खुशाल डोळे भरून बघावा. लॅबमधल्या एका यंत्रात उजेडाची बारीक तिरीप असते. हवा तिच्यातून ओढली की कण किती उजेड विखुरतात ते मोजून यंत्र धुळीचा आकडा देतं. मलबारी मुलं ह्या कामाला कंटाळतात. मला कधी कंटाळा आला नाही आणि त्याचं कारण मी कोणाला सांगितलं नाही.

बाबांची मिल उघडलीच नाही. काही उघडल्या, तिथे नवी माणसं लागली. मी गेल्यावर सहा वर्षांनी बाबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. म्युन्सिपालटीच्या दवाखान्यात सांगितलं होतं, तीस वर्षांच्या कार्डिंगने व्हायचं तेच झालं. मी ते तीस वर्षांवर सोडून दिलं आणि परतीचं विमान पकडलं.

त्यानंतर कधीतरी कंपनीने आम्हाला सेफ्टीच्या ट्रेनिंगला बसवलं. शिकवणाऱ्या बाईने कापसाच्या धुळीचा आजार सांगितला. म्हणाली, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्रास होतो, म्हणून कामगारांना वाटतं सुट्टी वाईट. खरं तर सुट्टीतच छाती जरा मोकळी होत असते, म्हणून नंतरची धूळ जास्त जाणवते. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. संपाच्या त्या पहिल्या आठवड्यांत बाबा जिना चढत होते ते बरं होऊन चढत होते, आणि मी त्यांना झोडून झोडून परत आजारात बसवलं.

आता आपली चाळ नाही. समोरच्या मिलच्या जागेवर काचेचे टॉवर आहेत आणि त्यांच्यामागे आपला चौदा मजली, पुनर्विकासाचा. विजू व्हिडिओ कॉलवर खिडकीबाहेरचं आभाळ दाखवतो. ते परत पांढुरकं झालं आहे, बांधकामांच्या धुळीने. आईला ते आवडतं. म्हणते, बघून जरा जीवात जीव येतो.

गेल्या महिन्यात आईला दम लागला म्हणून विजूने मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे आणि श्वासाची तपासणी बघून त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही मिलमध्ये कामाला होतात का?" आई म्हणाली, नाही, मी उभी हयात चूल आणि पाणी. डॉक्टरांना पटेना. विजूलाही पटेना. त्याने मला फोन लावला, ताई तू ह्याच लायनीत आहेस, तू विचार.

मी विचारलं. आईने आढेवेढे घेतले नाहीत. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. घरातल्या एखाद्या कामाविषयी सांगावं तसं ती म्हणाली, "तू सांगलंस ना गो, बरा आसा म्हणान. मगे तू गेल्यावर मियाच झोडलंय. रोज."

"बाबा जाईपर्यंत?"

"होय तर. त्येंका बरा वाटी."

दार लोटून, पदर तोंडाला न लावता, सहा वर्षं. मिल उघडणार नाही हे अख्ख्या गिरणगावाला कळल्यावरसुद्धा. मग तिने नेहमीसारखं विचारलं, "जेवलंस?" आणि खोकत खोकत फोन विजूकडे दिला.

इथे कोणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर मी मुंबई सांगते, लोअर परळ सांगते, आणि लोक म्हणतात, वा, महागडी जागा. खरं उत्तर मला आत्ता कळलं आहे. शुक्रवारचं तिकीट काढलं आहे. आईसमोर बसून सांगायचं आहे, की तेव्हा मला माहीत नव्हतं आणि तरी मी बोलले. ती काय म्हणेल ते ठाऊक आहे, म्हणूनच भीती वाटते. ती म्हणेल, असांदे गो. कारण घर म्हणजे तेच, जिथे माझे दोन शब्द खरे मानून दोन माणसांनी छातीभर श्वास घेतला.