मामंजी उभे राहिले

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि हात शेणामातीत गेले. हे कागद कुणाच्या हाती पडलेच तर त्यानं सांभाळून घ्यावं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते.

लग्न होऊन मी कोळवणच्या खोऱ्यात आले, तेव्हा आमच्याकडे एस.टी. नुकती सुरू झाली होती. माझं लग्नातलं लुगडं मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पौडच्या कापड दुकानातून उधारीवर आणलं होतं. दुकानदार मुसलमान, त्यांच्या जुन्या ओळखीचा. लुगडं बांधून देताना तो म्हणाला होता, "आबा, शेवटचे पैसे मातर सूनबाईच्या हातानं द्यायचे. लुगडं कुणाला शोभलं ते आमालाबी बघू द्या की!"

म्हणून भात विकल्यावर मामंजी मला घेऊन निघाले. त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदाच गावाबाहेर पडत होते. सासूबाईंनी पैशाची पुरचुंडी माझ्या कनवटीला लावली आणि बजावलं, "डाव्या हातानं दिऊ नगं. उंबऱ्यावरनं दिऊ नगं. आन् चार लोकांत ह्यांची मान खाली जाईल असं काय करू नगं." मला तेवढीच धास्ती होती.

गाडीत एकच बाक रिकामा होता. मामंजी खिडकीशी बसले. सुनेनं सासऱ्याच्या बरोबरीनं बसायचं नाही ही आमची रीत. मी पदर पुढे ओढला आणि खाली, त्यांच्या पायाशी बसले.

कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि मला अडखळला. "ओ बाई, तांदूळ निवडाया बसलाय का? उठा, वाट सोडा!"

सारी गाडी हसली. मागच्या बाकावरची टोपलीवाली म्हणाली, "अगं, वर बस की. तिकीट काढतीस न्हवं? एस.टी.त कसला आलाय सासरा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर बसावं तर रीत मोडते, खाली बसावं तर मामंजींचं हसं.

तेवढ्यात मामंजीच उठले. "सूनबाई, तू बस वर. बसून माझं पाय अवघडत्यात," म्हणाले आणि दांडीला धरून उभे राहिले. त्यांचा गुडघा दुखरा होता. बांधावर दोनदा टेकल्याशिवाय त्यांना शेत ओलांडवत नसे. हे मला ठाऊक होतं, गाडीला नव्हतं. कंडक्टर तिकिटं फाडत पुढं गेला. टोपलीवाली हळूच म्हणाली, "नशीब काढलंस बाई."

मी बसले, पण पौड येईपर्यंत मान वर केली नाही. आता वाटतं, तेव्हा चांगली मान वर करून साऱ्या गाडीकडे बघायला हवं होतं. असा सासरा कितीजणींना असतो?

दुकानात दुकानदारानं मामंजींना गादीवर बसवलं. ते बसलेले, म्हणून मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. "या की आत, बसा," तो मला म्हणाला. मी जागची हलले नाही. मामंजी गुडघ्याला हात लावून पुन्हा उठू लागले.

एवढ्या दिवसांत मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. पण त्या वेळी बोलले. "मामंजी, तुमी बसा. पाय दुखत्यात तुमचं."

ते हसले. "दुखू दी. लेक उभी ऱ्हायल्यावर बाप कसा बसंल?"

ते उभे राहिलेले बघून दुकानदारानंही मांडीवरचा तागा खाली ठेवला आणि उठला. "गिऱ्हाईक उभं आन् मी लोडाला टेकून? आमच्यातबी असं चालत न्हाई, आबा."

मग मी उंबरा ओलांडून आत गेले. पुरचुंडी सोडली आणि उजव्या हातानं पैसे त्याच्यापुढे धरले. त्यानं ते कपाळाला लावले आणि न मोजताच गल्ल्यात टाकायला गेला.

"मोजा," मामंजी म्हणाले. "माज्या सुनंनं दिल्यात. पुरं हायेत म्हणून तिच्या देखत सांगा."

त्यानं सावकाश मोजले. "पुरं हायेत, सूनबाई. फिटलं सारं."

गादी रिकामी होती आणि आम्ही तिघंही उभे होतो.