पलंगाखालचा धंदा

शेंगाचटणीच्या धंद्याला पहिला पैसा मिळाला तो सगळ्यात सोपा. भवानी पेठेत आमची दोन खोल्यांची जागा, यांचा गिरणीतला पगार पुरेना. नणंदेनं हातातली पाटली काढून दिली. "वहिनी, बुडाले तर बुडाले," म्हणाली. चटणी चाखलीसुद्धा नाही, नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं.

दुसऱ्या खेपेला शेंगदाण्याचा व्यापारी. तो कसला तोंड बघतोय! चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, तरी "लसूण कमी हाय की" म्हणाला आणि पोतं उधार दिलं.

मग गिरणीच्या कँटीननं रोजची चटणी मागितली. शेजारच्या तिघी माझ्याबरोबर उखळात कुटायच्या; चौघींचे खांदे पार गेले होते. कांडप मशीन आली नाही तर कँटीन हातचं जाणार होतं. आता धंदा चालतोय, बँक पैसे आणून देईल, असं मला वाटलेलं. कसचं काय! घर कुणाचं, जामीन कोण, नवऱ्याची सही कुठंय? शेवटी साहेब म्हणाले, "जागा बघायला येतो."

साहेब घरी येणार म्हणजे पाहुणाच की! आम्ही घर चकाचक केलं. उखळं पलंगाखाली सारली, वर चादर सोडली. लसणाचा वास जावा म्हणून ऊद जाळला. तिघींना म्हटलं, "तुम्ही जरा देवळात जाऊन बसा."

साहेबांनी शिरा खाल्ला, चहा घेतला, इकडंतिकडं बघितलं. "बाई, धंदा कुठंय?"

"पलंगाखाली," मी म्हटलं.

वाकून बघितलं बिचाऱ्यांनी. "आणि कामगार?"

"देवळात."

कर्ज नामंजूर. हे हसून हसून लोळले, माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. देवळातून तिघी आल्या, त्यांना सगळं सांगितलं. थोरली म्हणाली, "आमची भिशी घाल मशिनीत."

"अगं, तुमची भिशी कशी घेऊ?"

"फुकट न्हाय देत. मशीन चौघींची. आन् परत कुणी साहेब आला तर आमी देवळात जाणार न्हाय. हितंच बसणार, म्होरल्या खोलीत."

मला रडूच फुटलं. "बसा की गं. पलंगच काढून टाकते," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पलंग खरंच विकला. मशिनीला जागा लागणारच होती.